काळ्या चौकटीतला उजेड

३ मार्च

आजचा लॅपटॉप चंदेरी, चौदा इंची. मांजराचे केस अजून बटणांखाली अडकलेत, म्हणजे आधीच्या मालकाकडे मांजर होतं आणि ते यावर झोपायचं. कीबोर्ड तपासायचा म्हणजे सगळी बटणं दाबून बघायची. आजूबाजूच्या गाळ्यांवरची पोरं एकच अक्षर ओळभर बडवतात आणि पुसून टाकतात. मला कंटाळा येतो. त्यापेक्षा मनात येईल ते लिहितो. बटणंही तपासून होतात. मग पेन ड्राइव्हवर उतरवून घ्यायचं, लॅपटॉप पुसायचा, पुढचा घ्यायचा.

मी सेंग. गावी शाळेत शाळा सुटल्याचं गाणं मी सकाळी दहा वाजताच भोंग्यावर लावून दिलं होतं. अख्खी शाळा घरी गेली, आणि मग मलाही कायमचं घरी पाठवलं. बाबांनी मला इथं शेनचेनला त्यांच्या मोठ्या भावाकडे धाडलं. बूनकाका. बाजाराच्या दुसऱ्या मजल्यावर जुन्या लॅपटॉपचा गाळा. माझा जन्म माकडाच्या वर्षातला, म्हणून काका मला माकडच म्हणतात. वर्ष बदललं तरी माकड बदलणार नाही, असंही म्हणतात.

गाळा चालतो तो काकांच्या डोळ्यांवर. ते लॅपटॉप उघडतात, पडद्यावर नुसतं पांढरं पान आणतात, उजेड पूर्ण करतात, बघतात आणि स्टिकर लावतात. लाल म्हणजे पहिला नंबर, पिवळा म्हणजे मध्यम, निळा म्हणजे भंगाराच्या जवळ. बाहेरगावचे व्यापारी खोकी न उघडता घेऊन जातात. बूनचा लाल आहे ना, मग झालं. बाजारात उजेड मोजायचे मीटर मिळतात, पण काका म्हणतात मीटरबरोबर चहा पिता येत नाही.

आज फाङसाहेब आले होते. हुनानचे, काकांचे सगळ्यात जुने गिऱ्हाईक. काकांनी लागोपाठ चार चांगल्या लॅपटॉपना पिवळा लावला. फाङसाहेबांनी माझ्याकडे बघितलं, मी छताकडे. चहा प्यायले, छान झालाय म्हणाले, पिवळ्याच्या भावात चार लाल घेऊन गेले.

काका नंतर म्हणाले, "हल्ली पॅनेलच मंद येतात. पूर्वीची कसली असायची."

६ मार्च

रबराचं झुरळ आणलंय. अस्सल, मिशासुद्धा हलतात.

काका चहाला बसले तेव्हा हळूच त्यांच्या डाव्या हाताशी ठेवलं. सगळे वाट बघत होते. समोरच्या गाळ्यावरची को मावशी तर हसू दाबून लाल झालेली. काका ढिम्म. किटली उचलली, चहा ओतला, झुरळाच्या मिशीला त्यांची बाही घासून गेली तरी ढिम्म. उलट माझंच हसं झालं.

मग तेच मी त्यांच्या नाकासमोर सरकवलं, तर असे उडाले की कप फुटला. डोक्यात टपली खाल्ली. पण एक कळलं, म्हातारा पक्का नाटकी आहे. आधी बघून न बघितल्यासारखं केलं. माझ्यावर माझाच डाव.

१४ मार्च

आज मी बाजाराचा राजा.

मागच्या आठवड्यात फाङसाहेबांखेरीज आणखी दोघांनी काकांचे पिवळे चुपचाप उचलले. लोक घाईघाईने, हसत हसत पिवळे घेतात, हे काकांनाही जाणवलं. रात्री जेवले नाहीत. सकाळी चष्मा पुसत बसले होते, किती वेळ पुसतात. मला ते बघवेना. म्हणून डोकं चालवलं.

को मावशी लॅपटॉपची नुसती कवचं विकते. झाकणं, बुडं, पडद्याभोवतीच्या चौकटी, सगळ्या रंगांत. तिच्याकडून एक पांढरीशुभ्र चौकट आणली आणि एक काळी, चमक नसलेली. एकाच खोक्यातली, एकाच दिवशी बनलेली दोन पॅनेल घेतली. एक पांढऱ्यात बसवलं, एक काळ्यात. शेजारी शेजारी ठेवून दोन्हीचा उजेड पूर्ण केला आणि सगळ्यांना बोलावलं. सांगा, जास्त उजेड कुणाचा? हरेल त्यानं शेवयांचा वाडगा खाऊ घालायचा.

सगळे म्हणाले काळा. को मावशी म्हणाली काळा. मीटर विकणारा चिनखी, जो स्वतःला इंजिनियर समजतो, तोही काळाच म्हणाला. मग त्याचंच मीटर लावून दाखवलं. दोन्हींचा आकडा एकच. चिनखीनं मीटर हलवून बघितलं, बॅटरी काढून घातली. आकडा तोच. पांढऱ्याच्या शेजारी पडदा फिका वाटतो, काळ्याच्या शेजारी उजळ. डोळा शेजाऱ्याकडे बघून ठरवतो, बाकी काही नाही. मी हे शाळेत शिकलो नाही. माकडपणा करताना आपोआप कळलंय. आमच्या गावी पांढऱ्या भिंतीसमोर माझ्या मावशीचे दात पिवळे दिसायचे, तेव्हापासून.

काकांना शेवटी विचारलं. ते बराच वेळ बघत राहिले, मान एकदा इकडे, एकदा तिकडे. मग म्हणाले, "काळा."

मी म्हणालो, "काका, तुम्ही पिवळे लावलेले सगळे लॅपटॉप चंदेरी होते. आठवतंय?"

त्यांना आठवलं. मी बघत होतो, त्यांच्या चेहऱ्यावरून कुणीतरी ओला टॉवेल उचलल्यासारखं झालं. "म्हणजे माझे डोळे नाहीत, कवच आहे," ते म्हणाले. सगळे एका सुरात हो हो म्हणाले, को मावशी सगळ्यात मोठ्यानं. काका इतके हसले की डोळ्यांत पाणी आलं. मला म्हणाले, "माकडा, तू आलास ते बरं झालं."

सात वाडगे शेवया जिंकलो. तीनच खाववले.

५ एप्रिल

काल पितरांचा दिवस. सगळे गावी गेलो होतो, कबरींवरचं गवत काढलं, कागदाच्या नोटा जाळल्या. मी कागदाचा एक लॅपटॉप बनवून आजोबांसाठी जाळला, काळा. काकांना आवडलं.

काकांची मुलगी सिउलान ताई ग्वांगचौहून आली होती. ती तिथं मेट्रोच्या कार्यालयात आहे, सरळ चालते, सरळ बोलते. कबरीकडे जाताना काका दोनदा पायरी चुकले, त्यांच्या डावीकडच्या फांदीनं त्यांचा कान खरचटला. ताईनं मागून सगळं बघितलं. घरी आल्यावर म्हणाली, बाबा, मी डोळ्यांच्या मोठ्या दवाखान्यात नंबर लावलाय, पुढच्या मंगळवारचा. फार मुश्किलीनं मिळतो.

काका खवळले नाहीत, उलट खूश झाले. मला हाक मारली, म्हणाले, हिला दाखव रे तो खेळ.

मी दाखवला. दोन्ही लॅपटॉप सोबत आणलेच होते, चिनखीचं मीटरही, गावात भाव खायला. ताई म्हणाली काळा उजळ आहे. मग मी मीटरचा आकडा दाखवला. अख्खं घर हसलं. काका म्हणाले, बघ, तुझेही डोळे गेले, चल आपण दोघं जाऊ दवाखान्यात. ताईही हसली, पण उशिरा.

नंतर भांडी घासताना तिनं मला एकट्याला गाठलं. "सेंग, खरं सांग. बाबा कुठं धडपडतात का? काही सांडतात का?"

मी म्हणालो, "ताई, काका वाघ आहेत. अंधारात झुरळ मारतात."

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोन काढून तिनं दवाखान्याचा नंबर दुसऱ्या कुणालातरी देऊन टाकला, मिळत नाही म्हणून कुणीतरी रांगेत होतंच. काकांनी माझ्या वाडग्यात हंसाची अख्खी तंगडी ठेवली. काकांच्या हातची हंसाची तंगडी म्हणजे काय असते हे ज्यानं खाल्लं त्यालाच माहीत.

९ मे

काळा. कालही काळा, उद्याही काळा.

काकांनी नवा नियम काढलाय. आलेला प्रत्येक लॅपटॉप आधी काळा करायचा, मगच त्यांच्यासमोर आणायचा. कवच मिळालं तर बदलायचं, नाहीतर मी मागच्या गल्लीत फवारा मारतो. माझी नखं काळी, नाक काळं, थुंकी काळी. को मावशीचा धंदा दुप्पट. ती मला फुकट सरबत पाजते.

आणि काय सांगू, सगळं लालच लाल. काका पांढरं पान उघडतात, नाक पडद्याला टेकेल इतके जवळ जातात, लाल चिकटवतात. बाजारात म्हणतात बूनचे डोळे परत आले.

एक गंमत मात्र आहे, ती इथेच लिहितो. आमच्याकडे चहाचे तीन छोटे कप एकमेकांना चिकटवून ठेवतात आणि वरून किटली गोल गोल फिरवून ओततात, म्हणजे तिन्ही कपांत कडकपणा सारखा येतो. काकांचा गोल हल्ली पुरा होत नाही. डावा कप कोरडाच राहतो. चहा ताटात पडतो, ताटाला भोकं असतात, आवाजही होत नाही. ज्याला डावा कप येतो तो काय करतो? उचलतो, तोंडाला लावतो, भुरका मारतो, दोन बोटं टेबलावर टकटक वाजवून आभार मानतो. वडीलधाऱ्यानं स्वतः ओतलेल्या कपाला रिकामा कसं म्हणणार? फाङसाहेब तर आज असा भुरका मारून म्हणाले, वा, काय सुगंध आहे.

मीही दोनदा प्यायलो. मग काका नसताना सगळ्यांची नक्कल करून दाखवली, रिकामा कप, मिटलेले डोळे, वा वा. लोक लोळले. फक्त को मावशी हसली नाही. तिचं पोट दुखत असेल.

११ जून

फाङसाहेबांचा माल परत आला. सगळा. ते स्वतः आले नाहीत, कुरिअरनं पाठवला. वर एक डबा, त्यांच्या गावचा उत्तम चहा, लाल कागदात बांधलेला. चिठ्ठी नाही. काका म्हणाले, बघ, कसला माणूस आहे, माल परत करतानाही भेट पाठवतो. मला समजायला वेळ लागला. असा डबा निरोपाचा असतो.

मी एक एक उघडला. मंद पडदे. काळ्या चौकटीतसुद्धा मंद. त्याचं एक वेळ ठीक, पण पाच पडद्यांच्या डाव्या कोपऱ्यात तळहाताएवढा पिवळा डाग. लहान पोरालाही दिसेल. यांना लाल लागलाच कसा?

आधी वाटलं माझा फवारा आत गेला. पुसलं, खरवडलं. तसं नाही.

मग एक खेळ केला, पण कुणाला बोलावलं नाही. डागाचा एक लॅपटॉप काकांसमोर ठेवला. बघून म्हणाले, छान आहे. मी पडद्यावरचं पान उलटं केलं, काही फरक नाही. मग लॅपटॉपच उलटा धरला, पडद्याची वरची कड खाली, म्हणजे डाग उजवीकडे आला. काका लगेच म्हणाले, "अरे, हा काय डाग? कुठून उचललास हा?"

मला झुरळ आठवलं.

को मावशीकडे गेलो. तिला सांगितलं. ती चौकटींचे गठ्ठे बांधत होती, बांधतच राहिली. म्हणाली, "वर्ष झालं असेल रे. सगळ्यांना माहीत आहे."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणी सांगायचं? मी? चिनखीनं? त्यांनी आम्हा सगळ्यांना धंद्याला लावलंय." मग म्हणाली, "आणि तू तो खेळ दाखवलास तेव्हा आम्हाला बरंच वाटलं. त्यांनाही वाटलं. तोंड लपवायला जागा मिळाली."

मला तिच्या अंगावर चौकटी फेकाव्याशा वाटल्या. पण त्या दिवशी सगळ्यात मोठ्यानं मीच हसत होतो.

ठरवलंय, ताईला सांगायचं. फोनवर नको. ती होड्यांच्या सणाला येणार आहे, तेव्हा समोर बसून सांगीन. फोनवर असलं काही बोललं तर काकांची अब्रू फोनमधून जाते.

१६ जून

मनात दहा वेळा वाक्य जुळवलं. ताई, काकांना डावीकडचं दिसत नाही. एवढंच आहे. पण मग ती विचारणार, तू तर म्हणालास वाघ आहेत. त्याला उत्तर जुळत नाही.

२० जून

लिहायला बोटं चालत नाहीत, पण कीबोर्ड तपासायचाच आहे.

काका मागच्या गल्लीत आले होते, मी फवारा मारत होतो तिथं. डबा घेऊन. जेवून घे म्हणाले. वळले, आणि डावीकडून खोकी लादलेली विजेची गाडी आली. आवाज नसतो त्यांना. चालवणारा ओरडला. काका तिकडे न बघता एक पाऊल पुढेच गेले. मी समोर उभा होतो, हातात फवारा, मला गाडी दिसत होती, त्यांना नव्हती, आणि मला हे माहीत होतं. ओरडायला एक क्षण उशीर केला. वाटलं, बघतील.

हात मोडला, कपाळ फुटलं. भातावर रक्त सांडलं.

२३ जून

दवाखान्यात हात बांधताना डॉक्टरनं काकांच्या डोळ्यांत बॅटरी मारली आणि डोळ्यांच्या डॉक्टरला बोलावलं. तिनं काकांना एका यंत्रासमोर बसवून, ठिपका दिसला की बटण दाबा म्हणून सांगितलं. मी बाहेरून आवाज ऐकत होतो. बटण फार कमी वेळा वाजलं.

डोळ्यांत दाब वाढतो, म्हणाली, मागची नस हळूहळू मरते. दुखत नाही, खुपत नाही. जग थोडं थोडं मंद होत जातं, आणि माणूस दिव्याला दोष देतो. डावा डोळा संपलाय. उजव्यात सरबताच्या नळीएवढं भोक उरलंय, तेही टिकेल सांगता येत नाही. गेलेलं परत येत नाही.

ताईनं विचारलं, एप्रिलमध्ये आणलं असतं तर? डॉक्टर कागदाकडे बघत म्हणाली, डावा तेव्हाही वाचला नसता. उजवा बराचसा राहिला असता.

ताई रडली नाही. बाहेर बाकावर माझ्या शेजारी येऊन बसली. म्हणाली, "सेंग, तो खेळ दाखव ना परत. डॉक्टरांनाही दाखवू."



१७ सप्टेंबर

गाळा सोडायचा नाही असं काका म्हणाले. काकांच्या नावाचा स्टिकर बंद झालाय. मी चिनखीचं मीटर घेतलंय, आकडा कागदावर लिहितो, कागद झाकणावर चिकटवतो. गिऱ्हाईक कमी. फवारा बंद, लॅपटॉप जसा येईल त्या रंगात जातो. ताई दर शनिवारी येते, औषधाचे थेंब मोजून घालते, माझ्याशी कामापुरतं बोलते.

काका दिवसभर खुर्चीत बसतात. समोर एक काळा लॅपटॉप उघडा, पांढरं पान, उजेड पूर्ण. कधी कधी हातानं चौकट चाचपतात आणि विचारतात, काळाच आहे ना? मी हो म्हणतो. मग पुन्हा बघत बसतात.

आज दुपारी चहा केला. किटली त्यांनाच हवी असते, मोडलेला हात अजून नीट वळत नाही तरी. मी, को मावशी आणि काका. गोल फिरला, पुरा झाला नाही. डावा कप माझ्या वाट्याला. को मावशीनं आपला उचलला, भुरका मारला, दोन बोटं वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. मीही उचलला. ओठांपर्यंत नेला. कोरडा, कालच्या चहाचा वास.

"काका," मी म्हणालो, "हा रिकामा आहे."

को मावशीचा कप हवेतच राहिला.

काकांनी किटली खाली ठेवली. टेबल आहे ना, हे आधी हातानं बघून. "आज?"

"रोज."

"कधीपासून?"

"मेच्या आधीपासून."

मग विचारलं, "फाङ प्यायचा तोही?"

"त्यांनाही बऱ्याचदा हाच यायचा."

"तो म्हणायचा सुगंध छान आहे."

"हो."

"आणि तू?"

"मीपण प्यायलो, काका."

मला वाटलं टपली मारतील. हात उचललाही त्यांनी, पण माझ्या डोक्याच्या बाजूनं निघून गेला, हवेत थांबला, मग मांडीवर परतला. मी डोकं पुढे करायला हवं होतं. सुचलं नाही.

को मावशी उठून गेली. मी लॅपटॉप ओढून घेतला, तोच, त्यांच्यासमोरचा, आणि हे टाइप करतोय. ते आवाज ऐकत बसलेत. एकदा म्हणाले, सगळी बटणं चालतात का बघ.

चालतात. रंग काळा. पडदा मंद आहे, काळ्या चौकटीतसुद्धा. स्टिकर लावायचा तर पिवळा.